परदेशी जाण्याआधीच्या तपासण्या: कोणत्या लागतात, कोणत्या माथी मारल्या जातात?

"डॉक्टर, मुलाचा अमेरिकेहून फोन होता. फुल बॉडी चेकअप करूनच या म्हणतो. कुठे स्वस्तात होईल?"

"सौदीचं काम झालंय सर. मेडिकल लागतं. इथं सिन्नरलाच करून द्या ना."

"मुलीला इंग्लंडच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. टीबीची टेस्ट मागितलीय. नाशिकच्या लॅबमधून केली तर चालेल का?"

असे प्रश्न आता माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरकडेही नेहमी येतात. आपल्याकडे माळेगाव आणि मुसळगावच्या एमआयडीसीत काम शिकलेली मुले आखाती देशांत जातात. शेतकऱ्यांची मुले-मुली शिकायला बाहेर पडतात. आणि त्यांच्यामागे साठी ओलांडलेले आई-वडील चार-सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे जातात. यांतल्या बहुतेकांकडे त्या देशातला आरोग्य विमा नसतो. म्हणून तपासण्या इथेच, कमी खर्चात उरकाव्यात असे त्यांना वाटते. हे वाटणे अगदी योग्य आहे.

पण "कुठे स्वस्तात होईल?" हा प्रश्न दुसरा आहे. त्याआधीचा प्रश्न म्हणजे, "ही तपासणी कोणाला हवी आहे?" त्याचे उत्तर न शोधता लोक लॅबमध्ये जातात, म्हणून एकच तपासणी दोनदा-तीनदा होते. माझे स्पष्ट मत आहे की परदेशी जाणाऱ्यांचा वैद्यकीय तपासण्यांवरचा बराच खर्च महागड्या लॅबमुळे होत नाही. तो चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या वेळी आणि गरज नसताना केलेल्या तपासण्यांमुळे होतो.

तपासण्यांचे तीन कप्पे

कागद-पेन घ्या आणि तुम्हाला सांगितलेली प्रत्येक तपासणी या तीनपैकी एका कप्प्यात टाका.

१. देशाला हवी असलेली तपासणी. व्हिसासाठी किंवा प्रवेशासाठी सक्तीची. ती फक्त त्या देशाने नेमलेल्या केंद्रावरच होते.

२. तुम्हाला हवी असलेली तपासणी. ती कोणी मागत नाही, पण विमा नसलेल्या देशात आजारी पडू नये म्हणून करायची. ती इथे, आपल्या गावात, कमी खर्चात होते.

३. विकणाऱ्याला हवी असलेली तपासणी. पॅकेजमध्ये घुसवलेली. ती सोडून द्यायची.

पहिल्या कप्प्यात घासाघीस चालत नाही. दुसऱ्यात चालते. तिसऱ्यात सगळेच पैसे वाचतात.

पहिला कप्पा: देश काय मागतो?

नियम बदलत असतात. म्हणून पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचे किंवा व्हिसा खात्याचे अधिकृत संकेतस्थळ जरूर पाहा. ढोबळ चित्र असे आहे:

- अमेरिका: पर्यटक व्हिसावर मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांना कोणतीही वैद्यकीय तपासणी सक्तीची नाही. कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी मात्र ती नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते.
- युरोपातील शेंगेन देश: पर्यटनासाठी तपासणी लागत नाही. पण किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.
- ब्रिटन: ६ महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना टीबी नसल्याचा दाखला लागतो. त्यासाठी छातीचा एक्स-रे काढतात आणि त्यात शंका आली तरच थुंकी तपासतात. हा दाखला ६ महिने चालतो. ११ वर्षांखालील मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी या दाखल्याची गरज नाही.
- कॅनडा: ६ महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्या भारतीयांची तपासणी तिथल्या सरकारने नेमलेले डॉक्टर करतात. आई-वडिलांच्या सुपर व्हिसासाठी तपासणी लागते आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमाही लागतो.
- आफ्रिकेतील काही देश (केनिया, युगांडा, नायजेरिया इत्यादी): इथे तपासणीऐवजी पिवळ्या तापाची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर ग्राह्य धरतात. दाखला नसेल तर अशा देशातून भारतात परतताना ६ दिवस विलगीकरणात राहावे लागू शकते. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.
- हज आणि उमरा: मेंदूज्वराची चतुर्गुणी लस सक्तीची आहे. हज समितीमार्फत जाणाऱ्यांसाठी लसीकरणाची सोय सरकारी पातळीवर होते. बाहेर पैसे मोजण्याआधी तिथे चौकशी करा.

या यादीत तुमच्या गावातली लॅब कुठेही नाही, हे लक्षात घ्या. ब्रिटनच्या टीबी दाखल्यासाठी सिन्नरला किंवा नाशिकच्या कुठल्याही लॅबमध्ये एक्स-रे काढला, तर तो कितीही चांगला असला तरी व्हिसासाठी त्याचा उपयोग नाही. नेमलेली केंद्रे बहुधा मोठ्या शहरांत असतात. आपल्या भागातल्या लोकांना सहसा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. तपासणी थोडक्यात होते, पण त्यासाठी रजा, प्रवास, जेवण, कधी मुक्काम. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून ही फेरी एकदाच व्हावी याची काळजी घ्या. आधी वेळ ठरवा. मूळ पासपोर्ट आणि फोटो बरोबर ठेवा. जुना टीबी झाला असेल तर उपचारांची कागदपत्रे आणि जुने एक्स-रे न्या. रक्तदाबाची रोजची गोळी त्या दिवशी चुकवू नका. महिलांनी पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी टाळावी, कारण नमुन्यात रक्तपेशी दिसल्या की पुन्हा बोलावतात. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर एक्स-रेच्या आधी ते सांगा.

आणि एक गोष्ट जी अनेकांना महागात पडते: प्रत्येक कागदावर नाव पासपोर्टवर आहे तसेच हवे. आपल्याकडे एकाच बाईचे नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरे आणि लग्नानंतर तिसरे असते. रिपोर्टवर "सौ. मंदाताई" आणि पासपोर्टवर "मंदाकिनी" असेल, तर पैसे पुन्हा जातात.

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी: आधी इथे, मग मुंबई

सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, संयुक्त अरब अमिराती. या देशांत नोकरीला जाताना बहुतेक वेळा "वाफिद" या ऑनलाइन व्यवस्थेतून नाव नोंदवून मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करावी लागते. जुन्या लोकांना हीच तपासणी "गामका" या नावाने माहीत आहे. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि इतर रक्त-लघवीच्या तपासण्या त्यात असतात. निकाल "फिट" किंवा "अनफिट" असा येतो आणि तो संगणकावर नोंदला जातो. एका केंद्रात अनफिट ठरल्यावर दुसऱ्या केंद्रात जाऊन तो पुसता येत नाही. तिथे पोहोचल्यावर राहण्याच्या परवान्यासाठी पुन्हा तपासणी होते, ती वेगळीच.

इथे खरा धोका तपासणीच्या फीचा नसतो. मुलाने एजंटला पैसे दिलेले असतात, घरच्यांनी सोने गहाण ठेवलेले असते, इथली नोकरी सोडलेली असते. मग एक्स-रेमध्ये जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण दिसतो आणि सगळेच थांबते. आपला तालुका विडी कामगारांचा. छातीचे जुने आजार इथे घरोघरी आहेत. "मला कधी टीबी झालाच नाही" असे म्हणणाऱ्यांच्या फुप्फुसावरही कधी कधी व्रण निघतो.

माझा सल्ला असा की एजंटला पहिला रुपया देण्याआधी या गोष्टी इथेच तपासून घ्या. त्यासाठी खासगी लॅबही लागत नाही.

- टीबी: राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन घटणे किंवा घरात कोणाला टीबी असेल तर हे टाळू नका.
- एचआयव्ही: सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात चाचणी आणि समुपदेशन मोफत मिळते. माहिती गोपनीय राहते. २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही.
- कावीळ बी आणि सी: २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि उपचारांची मोफत सोय आहे. निकाल निगेटिव्ह आला तर बी ची लस घ्या. पण लस घेतल्यावर साधारण ३ आठवडे या आजाराची रक्ततपासणी करू नका, कारण त्या काळात ती लशीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते.
- सिफिलिस: आजार सापडला तर स्वस्त आणि खात्रीचा उपचार उपलब्ध आहे.

मी हे आजार लपवायला सांगतो आहे असा अर्थ कोणी काढू नये. उलट आहे. आजार इथे कळला तर उपचार इथेच, घरच्यांमध्ये, मोफत सुरू होतात. टीबीचा साधारण ६ महिन्यांचा उपचार पूर्ण करून मग पुढचे ठरवता येते. तोच आजार परदेशात रहिवासी परवान्याच्या वेळी सापडला, तर नोकरी जाते, परत पाठवतात आणि कर्ज तेवढेच राहते.

"फिटचं सर्टिफिकेट काढून देतो, वरचे पैसे द्या" असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. तुमची छाती तिकडे पुन्हा तपासली जाणारच आहे.

आणखी एक. दहावी पास नसलेल्या कामगारांच्या पासपोर्टवर ईसीआर असते. त्यांना ठरावीक देशांत जाण्यासाठी सरकारची मंजुरी आणि प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. २०१७ मध्ये सुधारलेल्या या योजनेचा हप्ता २ वर्षांसाठी २७५ आणि ३ वर्षांसाठी ३७५ रुपये, कर वेगळा. त्यात १० लाखांचा अपघात विमा आहे. पण तो मुख्यतः अपघातासाठीच आहे. रोजच्या आजारपणासाठी मालक आरोग्य विमा देणार का, हे करारात लिहून घ्या. सौदी आणि अमिरातीत ती कायद्याने मालकाची जबाबदारी आहे.

विद्यार्थ्यांसाठी: लस आधी की तपासणी?

अमेरिकेतील बरीच विद्यापीठे लसीकरणाची नोंद आणि टीबीची तपासणी मागतात. तिकडे गेल्यावर हे करायचे म्हटले तर खर्च कितीतरी पट होतो. इथे पैसे वाचवायच्या तीन जागा आहेत.

पहिली. लहानपणीचे लसीकरण कार्ड शोधा. सापडले नाही तर अनेक जण "प्रतिकारशक्ती आहे का" हे पाहणाऱ्या महागड्या रक्तचाचण्या करतात. गोवर-गालगुंड-रुबेला या एमएमआर लशीच्या बाबतीत बहुतेक वेळा लसच पुन्हा घेणे सोपे आणि स्वस्त असते. जास्तीचा डोस निरोगी माणसाला सहसा अपाय करत नाही. गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती कमी असताना मात्र ही लस घेऊ नये.

दुसरी. सरकारी कार्यक्रमात मुलांना मिळणारी एमआर लस गोवर आणि रुबेलाची आहे. त्यात गालगुंडाची लस नसते. त्यामुळे "आमच्या मुलाचं सगळं झालंय" असे वाटत असले तरी विद्यापीठ एमएमआरचे दोन डोस मागू शकते. दोन डोसांमध्ये किमान २८ दिवसांचे अंतर लागते. विमानाच्या आदल्या आठवड्यात आलात तर मी काहीच करू शकत नाही.

तिसरी. टीबीची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी एमएमआर लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी करा. लस आधी घेतली असेल तर ४ आठवडे थांबा, नाहीतर चाचणीचा निकाल भरवशाचा राहत नाही आणि ती पुन्हा करावी लागते. जन्मल्यावर बीसीजी घेतलेल्यांची त्वचेची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून विद्यापीठाला कोणती चाचणी चालते ते आधी विचारा.

आई-वडिलांसाठी: दुसरा कप्पा

इथे कोणतेही सरकार काही मागत नाही, म्हणून इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मुलगा तिकडून काळजीपोटी "सगळं चेक करा" म्हणतो. लॅब "नव्वद टेस्ट" चे पॅकेज पुढे करते. आई-वडील ते करतात. मग रिपोर्टमध्ये दोन आकड्यांपुढे लाल खूण दिसते आणि त्यामागे आणखी चार तपासण्या लागतात.

साठीच्या पुढचा, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला, पण तब्येतीने ठीक माणूस सहा महिन्यांसाठी जात असेल, तर माझी यादी एवढीच असते:

- रक्तदाब, वजन आणि डॉक्टरांनी नीट केलेली शारीरिक तपासणी
- हिमोग्लोबिन
- उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, मधुमेह असेल तर एचबीएवनसी
- क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि लघवीची साधी तपासणी
- ईसीजी
- डोळे आणि दात

चालताना छातीत दुखते, जिना चढताना दम लागतो किंवा चक्कर येते, असे असेल तर इको किंवा स्ट्रेस टेस्ट. तक्रार नसेल तर सरसकट नको.

दात मी मुद्दाम ठळक केले आहेत. सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका येईलच असे नाही, पण किडलेली दाढ ठणकण्याची शक्यता बरीच असते. प्रवास विम्यात दातांचा खर्च क्वचितच नीट मिळतो. इथे दंतवैद्याकडे दोन फेऱ्यांत होणारे काम तिकडे विमानाच्या तिकिटाइतके महाग पडू शकते. चष्म्याचा दुसरा जोड आणि कानाच्या यंत्राचे सेल हेही याच हिशोबातले. पित्ताशयातले खडे, हर्निया, मुतखडा आहे हे आधीच माहीत असेल, तर "आल्यावर बघू" न म्हणता जाण्याआधी सर्जनचे मत घ्या.

वेळ महत्त्वाची आहे. या तपासण्या निघण्याच्या २ ते ३ महिने आधी करा. एचबीएवनसी मागच्या साधारण ३ महिन्यांची सरासरी सांगते. आठवडाभर आधी ती ९ आली तर मी फक्त काळजी करू शकतो. तीन महिने आधी आली तर औषध बदलून ती खाली आणू शकतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

या सगळ्याला खर्च किती? १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. सिन्नरचे सरकारी रुग्णालय आणि नाशिकचे सिव्हिल त्यात येतात. रांग असते, दोन फेऱ्या होतात, हे खरे. पण वरच्या यादीतल्या बऱ्याच तपासण्या तिथे होऊ शकतात. आडगावसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करावी. खासगी लॅबमध्ये गेलात तर पॅकेज न घेता डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या तपासण्यांचाच दर विचारा. दोन लॅबमध्ये विचारा. एनएबीएल मान्यता आहे का तेही विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, भाजी घेतानाही आपण भाव विचारतोच.

"कागदावर शुगर लिहू नका"

आता थोडे कडू बोलतो. प्रवास विमा काढताना बरेच जण मला सांगतात, "डॉक्टर, सर्टिफिकेटवर डायबेटिस लिहू नका. हप्ता वाढतो." काही एजंटही हेच शिकवतात.

मी तसे लिहीत नाही. खोटा दाखला देणे हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे, हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण तुमचे आहे. परदेशात रुग्णालयात दाखल झालात की विमा कंपनी भारतातले जुने कागद मागते. तुमच्या पिशवीत मेटफॉर्मिन सापडते, रक्तात एचबीएवनसी दिसते. मधुमेह किती जुना आहे हे डोळ्यांचा पडदा पाहूनही कळते. आजार लपवला होता हे दिसले की दावा फेटाळला जातो. काही हजारांचा हप्ता वाचवायला जाऊन घर विकायची वेळ येऊ शकते.

आजार जाहीर करा. बहुतेक साध्या पॉलिसींमध्ये जुने आजार वगळलेले असतात किंवा फक्त जीवघेण्या तातडीसाठीच धरलेले असतात. हे वाक्य पॉलिसीत शोधा. जुन्या आजारासह संरक्षण देणाऱ्या पॉलिसीचा हप्ता जास्त असतो, पण तुम्हाला लागणारी पॉलिसी तीच असते. तपासणी केली तर आजार "रेकॉर्डवर" येईल म्हणून तपासणीच टाळणारेही भेटतात. न तपासलेली साखर विमानात बसत नाही असे त्यांना वाटते की काय, कोण जाणे.

तिकडे गेल्यावर, विमा नसताना तपासणी लागली तर

सगळी काळजी घेऊनही कधी वेळ येते. तेव्हा हे लक्षात ठेवा.

अमेरिकेत साध्या तक्रारीसाठी थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जाऊ नका. ताप, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय यांसाठी अर्जंट केअर किंवा कम्युनिटी हेल्थ सेंटर पाहा. सरकारी मदतीवर चालणारी ही हेल्थ सेंटर विमा नसलेल्यांनाही तपासतात आणि उत्पन्नानुसार फी कमी करतात. तपासणीआधी "विमा नाही, रोख दर काय?" असे स्पष्ट विचारा. १ जानेवारी २०२२ पासून विमा नसलेल्या रुग्णाला आधी ठरवलेल्या तपासणीचा अंदाजे खर्च लेखी मिळण्याचा हक्क तिथे आहे. मात्र छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे अशा वेळी पैशांचा विचार न करता इमर्जन्सीतच जा. १९८६ च्या कायद्याने त्यांना तुम्हाला तपासून स्थिर करावेच लागते. बिल येते, पण त्यावर नंतर बोलता येते.

इंग्लंडमध्ये अपघात-तातडी विभागातील उपचारांचे पैसे परदेशी पाहुण्यांकडून घेत नाहीत. मात्र दाखल व्हावे लागले तर ठरलेल्या दराच्या दीडपट बिल येऊ शकते. टीबीसारख्या संसर्गजन्य आजारांचे उपचार तिथे सगळ्यांना मोफत आहेत. विद्यार्थ्यांनी व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतो. २०२४ पासून तो वर्षाला ७७६ पौंड आहे. पैसे भरलेत, तर सेवा वापरा. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवा.

औषधे जास्तीची न्या, पण मूळ पाकिटात आणि मूळ औषधाचे नाव इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठीसह. माझी चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. आखाती देशांत ट्रामाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामक आणि काही झोपेच्या गोळ्यांवर कडक निर्बंध आहेत. शेजाऱ्याने दिलेली गोळी खिशात टाकून विमानात चढू नका.

तिसरा कप्पा: यातले काहीच करू नका

कोणतीही तक्रार नसताना कॅन्सरचे ट्यूमर मार्कर. संपूर्ण शरीराचे सीटी स्कॅन. सरसकट ॲलर्जीच्या दोन-दोनशे चाचण्या. मागच्या महिन्यात केलेलीच थायरॉईडची तपासणी "पॅकेजात आहे म्हणून" पुन्हा. निरोगी माणसात ट्यूमर मार्कर वाढलेला दिसला तरी बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. पण ते सिद्ध करण्यात महिना जातो आणि तिकीट रद्द होते.

लॅबकडून कमिशन घेणे डॉक्टरांना त्याच आचारसंहितेने बंद केले आहे. म्हणून तुमच्या डॉक्टरांना बेधडक विचारा, "ही तपासणी का? निकाल वेगळा आला तर तुम्ही काय बदलणार?" ज्या तपासणीला या प्रश्नाचे उत्तर नाही, ती तिसऱ्या कप्प्यातली.

काय बदलायला हवे?

कोविडने आपल्याला एक गोष्ट दाखवली. मार्च २०२० मध्ये आरटीपीसीआर चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरली होती. महाराष्ट्र सरकारने ती जून २०२० मध्ये २,२०० केली, मार्च २०२१ मध्ये ५०० आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५०. पुरवठा वाढला, किट स्वस्त झाले, हे खरेच. पण सरकारने मर्यादा घातली नसती, तर तो फायदा रुग्णापर्यंत इतक्या लवकर पोहोचला असता असे मला वाटत नाही. मग नेहमीच्या वीस-पंचवीस तपासण्यांचे दर प्रत्येक लॅबने दारावर मराठीत लावावेत, एवढे तरी बंधनकारक करायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट. कोणते केंद्र मान्य करायचे हा त्या त्या देशाचा अधिकार आहे. पण आरोग्य विद्यापीठ असलेल्या नाशिकसारख्या जिल्ह्यात चांगल्या एक्स-रे यंत्रांची वानवा नाही. बाहेर जाणाऱ्या कामगारांच्या पैशांवर देशाला परकीय चलन मिळते. त्यांच्यासाठी विभागवार मान्य केंद्रे असावीत असा आग्रह आपल्या सरकारने धरायला हवा. सिन्नरच्या वेल्डरने एका एक्स-रेसाठी दोन दिवसांची मजुरी का बुडवावी?

हे होईल तेव्हा होईल. तोवर एवढे करा: जायचे ठरले की तीन महिने आधी सगळे जुने कागद, पासपोर्ट आणि सांगितलेल्या तपासण्यांची यादी घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. पैसे कुठेही भरण्याआधी जा. यादीतल्या अर्ध्या तपासण्यांवर काट मारता आली, तर त्याहून स्वस्त तपासणी नाही.